पट्टेरी वेखंड : ओलसर परसासाठी आणि तळ्याकाठासाठी

गोव्यातील जुन्या घरांच्या मागील दारी बहुधा एक कोपरा असा असतो, की जेथील ओल बाराही महिने हटत नाही. न्हाणीचे पाणी तेथे मुरते, विहिरीवर सांडलेले पाणी तेथेच उतरते आणि कुळागराला लागून घर असेल तर पाटाचे झिरपलेले पाणीही तेथेच येऊन थांबते. पूर्वापार या जागेवर केळ आणि अळू यांचा हक्क आहे व तो योग्यच आहे. परंतु घराभोवती चार शोभेची झाडे असावीत अशी हौस आता गावोगावी वाढली असून अशा ओल्या जागेसाठी रोपवाटिकांतून एक विशिष्ट प्रकारची झाडे आणली जाऊ लागली आहेत. पाती गवतासारखी लांब, परंतु तिच्यावर पांढरे वा पिवळे उभे पट्टे. झाड लहान, किंमत मात्र साध्या झाडाहून अधिक.

या झाडांविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली अशी की, पावसाळ्यात लावलेले झाड पहिल्याच वैशाखात करपून गेले. दुसरी अशी की, झाड जगले, फोफावलेही, परंतु दोन-तीन वर्षांत त्याचे पट्टे नाहीसे होऊन ते साधे हिरवे झाले. दोन्ही प्रसंगी दोष रोपवाटिकेच्या माथी मारला जातो. वस्तुतः या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे व ते झाडाच्या पट्ट्यातच आहे. पट्टा म्हणजे काय हे एकदा नीट ध्यानात आले, म्हणजे या झाडाच्या जोपासनेतील निम्म्याहून अधिक गोष्टी कोणी न सांगताही उमजतात.

अशा झाडांपैकी मराठी माणसाला सर्वांत जवळचे झाड म्हणजे पट्टेरी वेखंड. वेखंड घरोघरी ठाऊक आहे, परंतु ते वाळलेल्या, गाठीगाठींच्या काडीच्या रूपात. बाळंतिणीच्या खोलीतील धुरी, घुटीच्या साहित्यातील एक मुळी, लोकरी कपड्यांच्या पेटीत किंवा पोथ्यांच्या कपाटात ठेवलेली पुरचुंडी एवढाच त्याचा परिचय. ज्या झाडाची ही काडी आहे ते झाड अनेकांनी पाहिलेलेही नसते. संस्कृतात त्याला वचा आणि उग्रगंधा अशी नावे आहेत, हिंदीत बच म्हणतात, तर कानडीत बजे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात वास्तव्य करून लिहिलेला औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. संवादरूपाने लिहिलेल्या या ग्रंथात एक स्वतंत्र संवाद या सुगंधी मुळीला दिलेला आहे आणि निरनिराळ्या भाषांतील तिची नावेही त्यात नोंदलेली आहेत. म्हणजे या भूमीत वेखंडाची चर्चा साडेचारशे वर्षांहून जुनी आहे.

वेखंड हे गवत नव्हे. त्याची पाती तलवारीसारखी, दोन्ही बाजूंनी चपटी असून मधोमध एक ठसठशीत शीर असते. ती कंबरेइतकी, क्वचित त्याहूनही उंच वाढते. जमिनीलगत आडवे सरपटणारे जे जाड पेर असते ते मूळ नसून खोड आहे. वनस्पतिशास्त्रात त्यास मूलक्षोड म्हणतात. वेखंडाची बाजारात मिळणारी काडी ती हीच. फुले अगदी बारीक, हिरवट-पिवळी, आणि एका मांसल कणसावर दाटीने बसलेली असतात. या कणसामुळे वेखंडाची गणना पुष्कळ काळ अळू-सुरणाच्या कुलात होत असे. पुढे जनुकीय परीक्षणे झाली तेव्हा असे दिसून आले की, गवते, ताडमाड, केळी, कांदे ही सारी ज्या एकदल वनस्पतींत मोडतात त्यांच्या वंशवृक्षावरून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा म्हणजे वेखंड. त्यास आता स्वतंत्र कुल दिलेले आहे. ओळखण्याची सोपी खूण मात्र शास्त्राची नव्हे, नाकाची आहे. पाते चुरगळले की गोडसर, तिखट असा वास येतो. पट्टेरी पातीची दुसरी कोणतीही झाडे वेखंड म्हणून कोणी दिली, तर ही एक परीक्षा पुरे होते.

बागेत जे पट्टेरी प्रकार लावले जातात ते दोन जातींचे आहेत. पहिली जात आपल्या ओळखीच्या वेखंडाचीच. तिच्या पट्टेरी प्रकारात पुष्कळदा पात्याचा एक उभा अर्धा भाग हिरवा आणि दुसरा अर्धा दुधी पांढरा असतो, जणू मधल्या शिरेशी कोणी रंगाची हद्द आखून दिली आहे. दुसरी जात लहान चणीची, पूर्व आशियातील. तिची पाती वीतभर ते हातभर लांब, अरुंद आणि मधल्या ठळक शिरेवाचून असते. जपानात ही जात कुंडीत आणि दगडी कुंडांच्या काठी लावण्याची जुनी रीत आहे. तिच्या पिवळ्या पट्ट्याच्या एका प्रकारास ‘ओगोन’ हे नाव आहे. जपानी भाषेत त्याचा अर्थ सोने. पाण्यात उभे राहण्याची ताकद मोठ्या जातीत अधिक, तर लहान जातीला पायाशी नुसती ओल पुरते आणि तेच तिला मानवते.

आता पट्ट्याविषयी. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे येतो, त्याच्याच साहाय्याने सूर्यप्रकाशात वनस्पती आपले अन्न तयार करते. वाढत्या शेंड्यातील काही पेशींत बदल होऊन त्यांची हरितद्रव्य बनविण्याची शक्ती नष्ट झाली, की त्या पेशींपासून पुढे होणारा सर्व भाग पांढरा किंवा पिवळट निघतो. वेखंडासारख्या झाडाचे पाते बुडापासून लांबीच्या दिशेने वाढत जाते, म्हणून हा पांढरा भाग ठिपक्यांच्या रूपात न दिसता सरळ उभ्या पट्ट्याच्या रूपात दिसतो. थोडक्यात, एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. हिरव्या पेशी मिळवत्या, पांढऱ्या पेशी खात्या. कुटुंबात मिळवते हात थोडे आणि खाणारी तोंडे फार झाली, तर जे होते तेच येथे होते. पट्टेरी झाडाची वाढ साध्या झाडापेक्षा मंद असते, त्याच्या खोडातील अन्नाचा साठा तुटपुंजा असतो आणि संकटात तग धरण्याची त्याची शक्तीही त्याच मानाने कमी असते.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. मात्र प्रयोगासाठी वेखंडाचे पान घेऊ नये; कांद्यासारख्या कित्येक एकदल वनस्पतींच्या पानांत पिष्टाचा साठा फारसा होत नाही व प्रयोग फसतो. त्याऐवजी दिवसभर उन्हात असलेल्या क्रोटनचे किंवा मनी प्लांटचे पट्टेरी पान घ्यावे. ते प्रथम पाण्यात उकळावे, नंतर स्पिरिटमध्ये ठेवून, स्पिरिटचे भांडे गरम पाण्याच्या भांड्यात धरून, त्याचा हिरवा रंग उतरवावा आणि मग आयोडिनचे थेंब टाकावेत. जेथे हिरवा रंग होता तेवढाच भाग निळा-काळा होतो, पांढरा होता तो तसाच राहतो. स्पिरिट थेट ज्योतीवर कदापि धरू नये आणि हा भाग शिक्षकांनी स्वतःच करावा.

हे समजले की वर उल्लेखिलेल्या तक्रारींचे उत्तर आपोआप मिळते. पट्टेरी वेखंडाच्या बेटात अधूनमधून एखादा फुटवा असा निघतो की ज्याच्या शेंड्यातील सर्व पेशी हिरव्या आहेत. त्याला खाणारी तोंडे पोसावी लागत नाहीत, म्हणून तो झपाट्याने वाढतो, स्वतःचे फुटवे काढतो आणि पाहता पाहता पट्टेरी फुटव्यांना सावलीत टाकून सारी जागा बळकावतो. झाडाने ‘रंग बदलला’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात एका फुटव्याने दुसऱ्याला हुसकावलेले असते. याला उपाय एकच. महिन्यातून एकदा बेट न्याहाळावे आणि पूर्ण हिरवा फुटवा दिसताच तो खोडाच्या तुकड्यासकट उपटावा. नुसते पाते कापून काही साधत नाही, कारण त्याचा शेंडा खाली शाबूत असतो. उलट कधी एखादा फुटवा अगदी पांढराशुभ्र निघतो. तो दिसण्यास मोठा मोहक असतो, परंतु त्याला वेगळा करून लावण्याचा मोह आवरावा. आईपासून तोडला की तो उपाशी मरतो.

पट्टेरी वेखंडाचे बी विकत मिळाले तर ते घेऊ नये. शेंड्यातील पेशींची ही दुहेरी रचना बियांतून पुढे नीट उतरत नाही. शिवाय आपल्याकडील वेखंडाला बी क्वचितच धरते. रोप वाढवायचे ते खोडाचे तुकडे करूनच. प्रत्येक तुकड्याला एक जिवंत शेंडा, दोन-तीन इंच खोड आणि थोडी मुळे असावीत व त्या शेंड्याच्या पात्यांवर हिरवा आणि पांढरा हे दोन्ही रंग स्वच्छ दिसत असावेत. निवड करताना पांढरा भाग फार असलेला तुकडा घेण्याकडे सर्वांचा कल असतो. तो टाळावा. निम्म्याहून अधिक हिरवा असलेला तुकडाच पहिल्या उन्हाळ्यातून पार पडण्याची शक्यता अधिक.

लागवड केव्हा करावी याबाबत थोडा विचार हवा. परसातील ओल्या वाफ्यात जूनमध्ये, मृगाच्या सरींनी जमीन भिजल्यावर लावण्यास हरकत नाही. परंतु पाटाच्या, ओहळाच्या किंवा तळ्याच्या काठी लावावयाचे असेल तर घाई करू नये. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मुळे न धरलेले तुकडे आषाढाच्या लोंढ्यात टिकत नाहीत. अशा ठिकाणी चवथ झाल्यानंतर, पाणी ओसरून काठ उघडा पडू लागला म्हणजे लावावे. तेथून उन्हाळ्यापर्यंत सहा महिने हाती असतात आणि तेवढ्या अवधीत मुळे चांगली बसतात.

जमीन भातखाचरातील चिखलासारखी जड असावी. पालापाचोळ्याचे हलके खत कुंडीत घालून ती पाण्यात ठेवली, तर ते तरंगते, कुजते आणि पाणी नासवते. ताजे शेण तर मुळीच घालू नये. वर्ष-दीड वर्षाचे जुने शेणखत मूठभर पुरे. खत वाढवून झाडाला बळ आणण्याचा प्रयत्न पट्टेरी झाडाच्या बाबतीत उलटा पडतो, कारण युरियासारख्या खताचा फायदा सर्वांत आधी हिरवे फुटवे उचलतात. जांभ्या जमिनीचा आंबटपणा वेखंडाला बाधत नाही. मिठाचे पाणी मात्र त्याला सोसत नाही. म्हणून खाजणाच्या बांधावर, मानसीच्या आसपास किंवा उन्हाळ्यात जिचे पाणी मचूळ होते अशा विहिरीकाठी ते लावण्याच्या फंदात पडू नये.

दोन तुकड्यांत एक फूट अंतर ठेवावे. खोड जमिनीत खोल पुरू नये. ते आडवे ठेवून वर जेमतेम मातीचा थर द्यावा, शेंडा उघडा राहू द्यावा. मोठ्या जातीच्या पट्टेरी झाडावर दोन-तीन इंच पाणी चालते, लहान जातीवर इंचभर पुरे. साधे हिरवे वेखंड याहून खोल पाण्यातही तगते, पण त्याची बरोबरी पट्टेरी भावंडाकडून अपेक्षू नये. सिमेंटच्या टाकीत किंवा चिरेबंदी तळ्यात लावायचे तर आतल्या बाजूने चिऱ्यांची एक पायरी करावी, तीवर मातीच्या कुंड्या ठेवाव्यात आणि मातीवर बारीक खडी पसरावी, म्हणजे माती धुऊन जात नाही. कुंडीतील लागवडीचा मोठा लाभ एप्रिल-मे महिन्यांत कळतो. झर आटले, पाट बंद पडला, टाकी तळाला गेली, तर कुंडी उचलून न्हाणीच्या पाण्याजवळ सावलीत नेता येते. काठाच्या मातीत लावलेल्या झाडाला ही सोय नाही. त्याला त्या दोन महिन्यांत रोज पाणी द्यावेच लागते. न्हाणीचे पाणी देताना साबणाचा थोडा अंश चालतो, कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र बाजूला काढावे.

उन्हाविषयीही तोच मुद्दा पुन्हा येतो. पांढऱ्या भागाला कडक ऊन सोसत नाही, तो तपकिरी होऊन करपतो. उलट गर्द सावलीत हिरव्या भागाला प्रकाश कमी पडून झाड उपाशी राहते व पट्टेही मळकट दिसू लागतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही जागा उत्तम. पोफळी-नारळांच्या सावलीतून चाळून येणारा कुळागरातील प्रकाश या झाडाला जणू मापून दिल्यासारखा आहे. सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण या भागांतील कुळागरांत पाटाच्या कडेने ते लावून पाहण्यासारखे आहे. लगतच्या खानापूर तालुक्यातील पावसाळी भागालाही हे लागू पडेल. दर दोन-तीन वर्षांनी बेट उपटून, जुने पोकळ खोड टाकून, नवे तुकडे पुन्हा लावावेत.

तळे किंवा टाकी केली की डासांचा प्रश्न येतोच. डासाच्या अंड्यापासून उडता डास तयार होण्यास आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कुंडीखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून त्या कोरड्या कराव्यात आणि बंदिस्त टाकीत गप्पी मासे सोडावेत. हे मासे गावच्या नैसर्गिक तळ्यात वा ओहळात मात्र सोडू नयेत. तेथील स्थानिक माशांना ते उपद्रव करतात.

येथे रोपवाटिकांतील इतर पट्टेरी झाडांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण ‘पाण्याजवळ चालेल’ असे सांगून पुष्कळ काही विकले जाते. स्पायडर प्लांट या नावाने मिळणारे क्लोरोफायटम दिसायला तसेच असले तरी साचलेल्या पाण्यात त्याची मुळे कुजतात. त्याची जागा काठापासून हातभर दूर. पट्टेरी छत्रीगवत पाण्यात उत्तम येते, पण तेही वेखंडाप्रमाणेच हिरवे होत जाते. पट्टेरी नळ हा उंच आणि देखणा खरा, परंतु नळाची जात जगातील अत्यंत उपद्रवी आक्रमक वनस्पतींच्या यादीत गणली जाते. ओहळाच्या काठी तो लावणे म्हणजे पुढच्या पिढीसाठी काम राखून ठेवणे होय. जलपर्णीचा दाखला सर्वांसमोर आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये फुलांच्या शोभेसाठी आणलेल्या या वनस्पतीने देशभरातील तळी आणि नद्या व्यापल्या. गावचे तळे ही कोणा एकाची परसबाग नव्हे. तेथे काठ धरून ठेवण्यासाठी काही लावावयाचे असेल, तर ग्रामपंचायतीने वाळ्यासारखी देशी, खोल मुळांची वनस्पती निवडावी.

वेखंडाच्या औषधी उपयोगाविषयी मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. परसात झाड आले की त्याची काडी उगाळून बाळाला चाटविण्याची इच्छा घरातील वडीलधाऱ्यांना होणे स्वाभाविक आहे. वेखंडाच्या तेलात बीटा-अॅसारोन नावाचे द्रव्य असते. आशियातील वेखंडात त्याचे प्रमाण पुष्कळच असून ते प्रकाराप्रकारानुसार फार बदलते. काडीकडे पाहून ते कळत नाही. उंदरांवरील प्रयोगांत या तेलामुळे आतड्यात गाठी झाल्याचे आढळल्यावरून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंडाच्या वापरास बंदी घातली. आयुर्वेदातही वचा शोधन करून मगच वापरण्याची रीत सांगितलेली आहे. परसातील ओली वा घरीच वाळवलेली काडी म्हणजे शोधन केलेले औषध नव्हे. तेव्हा घुटीत वेखंडाचे किती वेढे उगाळावेत या चर्चेपेक्षा, डॉक्टरांच्या किंवा जाणत्या वैद्यांच्या सल्ल्यावाचून तान्ह्या बाळाच्या पोटात ते घालूच नये हे बरे. शोभेच्या पट्टेरी प्रकाराला तर रोपवाटिकेत औषधे फवारलेली असण्याचाही संभव असतो.

धान्याच्या कणगीशेजारी, पुस्तकांच्या कपाटात वा गरम कपड्यांत कीड येऊ नये म्हणून वेखंड ठेवण्यास मात्र काही हरकत नाही. त्यासाठी पट्टेरी झाडाच्या सावकाश वाढणाऱ्या खोडावर सुरी चालविण्याचे कारण नाही. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे तालुक्यात शेतकरी भातासारखी चिखलणी करून साध्या वेखंडाचे पीक घेतात. लागवडीनंतर दहा-बारा महिन्यांनी खालची पाती पिवळी पडू लागली की खोड खणून काढतात, त्याची मुळे खुडतात, बोटभर लांबीचे तुकडे करून वाळवतात. घरापुरते वेखंड परसातही याच रीतीने मिळू शकते. पट्टेरी बेटातून दर महिन्याला उपटलेले हिरवे फुटवे फेकून न देता पाटाच्या दुसऱ्या टोकाला, पट्टेरी झाडांपासून दूर, वेगळ्या वाफ्यात लावावेत. ती जागा दुपारच्या उन्हाची असली तरी चालेल आणि पाणी थोडे खोल असले तरी चालेल.